डाव्या हाताखालची पानं

माझी साक्ष आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पोराटोरांनाही पाठ आहे. मास्तरांची मुलगी, मास्तरांचा विश्वास, मास्तरांचं विजयी मरण — मी बोलायला उभी राहिले की पुढच्या बाकावरच्या बायका आधीच पदर डोळ्यांना लावतात. त्या साक्षीत एक गोष्ट मी कधीच घातली नाही. नवऱ्याला सांगितली नाही, मुलांना नाही, पाळकसाहेबांना तर नाहीच नाही. प्रार्थनेतसुद्धा मी तिच्या कडेकडेनं जाते — देवाला ठाऊकच आहे, परत कशाला उगाळायचं, असं म्हणून. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

पण आधी बाबा कळायला हवेत. ते कळल्याशिवाय माझं पाप तुम्हाला छोटं वाटेल, आणि ते मला नको आहे.

बाबा नाशकात मिशनच्या शाळेत मास्तर. शनिवार आला की सायकल काढायची आणि खेड्यांवर जायचं. कधी सायखेड्याला, कधी पार हरसूलच्या बाजाराला, घाट चढून. तिथे झाडाखाली उभं राहून शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी सांगायच्या. कुणी ऐको न ऐको, घसा बसेपर्यंत सांगायच्या. त्यांच्या पिंढऱ्या अशा टणक की लहानपणी मी त्यांवर बुक्क्या मारायची आणि माझाच हात दुखायचा. आई मी पाचवीत असताना गेली. भाऊ नाही, बहीण नाही. आम्ही दोघंच.

पुढे साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे नेले. मग सकाळ-संध्याकाळ मी त्यांना शास्त्र वाचून दाखवू लागले. खरं तर त्यांना ते तोंडपाठ होतं, आणि नुसतं तोंडपाठ नाही, हातपाठ होतं. आमचं ते जुनं, काळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक. ते मांडीवर घेऊन नुसत्या जाडीवरून उघडायचे, आणि हवं ते पान दोन-चार पानांच्या फरकानं निघायचं. मी चुकले तर म्हणायचे, "सुमन, अजून मागे ये."

आमच्या घरात वचन घ्यायची रीत होती. मोठं काही ठरवायचं असलं की बाबा प्रार्थना करायचे, पुस्तक कुठेही उघडायचे आणि न बघता बोट ठेवायचे. बोटाखाली येईल तो देवाचा शब्द. एकदाच विचारायचं, दुसऱ्यांदा नाही. आणि उत्तरात अर्थ नसला तर? तर देव म्हणतो, तुझी अक्कल चालव. एकदा शेळी घ्यावी का म्हणून विचारलं, तर बोट पडलं देवाच्या मंडपाच्या पडद्यांच्या लांबी-रुंदीवर. बाबा खो खो हसले. आम्ही शेळी घेतली.

ती रीत मला वेडगळ वाटायची का? नाही. खोटं कशाला बोलू? माझा विश्वास होता. म्हणूनच तर हे लिहिताना हात जड होतो आहे.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बाबांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागला. लागलेलं त्यांना कळलंच नाही. साखरेच्या माणसाला कळत नाही. अंगठा काळा पडला, मग शेजारचं बोट. इस्पितळातले डॉक्टर शांतपणे म्हणाले, गुडघ्याखाली पाय काढावा लागेल, आणि लवकर. मग मला व्हरांड्यात घेऊन गेले. म्हणाले, पाय काढला तर वडील पुष्कळ वर्षं जगतील, प्रकृती दणकट आहे. पण डोळे नाहीत, पाय नाही — सगळं तुलाच करावं लागेल, बाळ. आहे का आणखी कुणी?

नव्हतं. आणि माझ्या पिशवीत मिरजेचं बोलावणं होतं. नर्सिंगला माझा नंबर लागला होता. जूनमध्ये हजर व्हायचं. सबंध आयुष्यात मला नाशिकबाहेर पडायची ती एकच वाट दिसत होती. मी बावीस वर्षांची होते. पुष्कळ वर्षं, हे दोन शब्द ऐकून मुलीला काय वाटायला हवं होतं? मला काय वाटलं ते सांगते. मेले, असं वाटलं. बाबा जगणार म्हणून.

आता आलेच आहे त्या रविवारावर, तर येऊच.

उपासना आटोपून आम्ही घरी आलो. दुपार, दार उघडं. बाहेर अंगणात आमची शेजारीण सीतामावशी कुरडया वाळत घालत होती. बाबांनी पाय स्टुलावर ठेवला, पुस्तक मांडीवर घेतलं. मला म्हणाले, आज विचारून टाकू. स्पष्ट शब्द आला तर त्याप्रमाणे. नाही आला तर उद्या सकाळी डॉक्टरांकडे, सही करून मोकळं व्हायचं. किती साधं. त्यांनी प्रार्थना केली, पुस्तक उघडलं, डावा हात डाव्या पानांखाली घेतला आणि उजव्या हाताचं बोट टेकवलं.

मी वाकून पाहिलं. नावं होती. बंदिवासातून परत आलेल्या लोकांची यादी, अमक्याचे वंशज इतके, तमक्याचे इतके. दुसरं काही नाही. शेळीसारखंच. मी नुसतं म्हणायचं होतं, "बाबा, नावं आहेत." ते हसले असते आणि सोमवारी त्यांचा पाय गेला असता, जीव राहिला असता.

मी वाचायला लागले. पानावरचं नाही. मिसर देशातून पळून निघालेले लोक, पुढे समुद्र, मागे फौज. तिथे देव त्यांना सांगतो की भिऊ नका, नुसते उभे राहा, तुमची लढाई मी लढतो. ते मी वाचल्यासारखं म्हटलं. माझा आवाज चांगला होता, मंडळीत धडे मीच वाचायची. आवाज जराही हलला नाही.

कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आले की ते आपोआप ओठांवर आलं, बापाला धीर द्यायला आलं. कसलं आपोआप! जिभेला हाड नसतं, पण डोकं असतं तिच्यामागे. मला ठाऊक होतं बाबा कुठल्या शब्दावर अडकतील. आणि ते तिथेच अडकले.

"उभे राहा म्हणतो," बाबा म्हणाले. "पाय कापून कुणी उभं राहतं का, सुमन?"



सीतामावशीला कळलं तेव्हा ती हातातलं टाकून आली. ती बौद्ध, आमच्या देवाशी तिचा संबंध नव्हता, पण त्याच इस्पितळात आया होती. तिनं असले पाय पाहिले होते. बाबांपुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि चांगली भांडली. "मास्तर, तुमच्या देवाला तुमचा सडका पाय काय करायचाय? माणूस हाय तर सगळं हाय." बाबा नुसते हसत होते. मग ती माझ्याकडे वळली. "तू तरी सांग की गं पोरी. नर्स व्हायला चालली ना तू?" मी म्हटलं, "वचन आलंय, मावशी." असं म्हणून मी आत जाऊन चहा ठेवला. ती गेल्याचं मला दाराच्या कडीच्या आवाजावरून कळलं. पुढे ती रोज यायची, पाय धुऊन द्यायची, पण माझ्याशी फारसं बोलली नाही.

पाय वर वर काळा होत गेला. वास यायला लागला, मग ताप. बाबा तापात गाणी म्हणायचे. मंडळी यायची आणि त्यांचा विश्वास बघून रडायची. पाळकसाहेबांनी त्यांच्यावर उपदेश केला — गुडघे टेकणाऱ्याला मरणही हरवू शकत नाही, असा काहीसा. मेच्या उन्हात बाबा गेले. दगडावर नावाखाली एकच शब्द कोरला, विजयी. जूनमध्ये मी एस.टी.त बसले.

मी चांगली नर्स झाले. कापलेल्या पायांचे किती पेशंट माझ्या हातांखालून गेले! कुणी विड्या वळत, कुणी नातवंडांना दटावत, कुणी कुबड्यांवर बाजार करून वर्षानुवर्षं जगले. त्यांची ड्रेसिंग करताना मी कधी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. ऐंशी सालानंतर केव्हातरी नाशकात मोठी सभा होती, मला साक्ष द्यायला बोलावलं. नाही म्हणता आलं असतं. गेले. व्यासपीठावर उभी राहून ते उभे राहण्याचं वचन मी त्याच आवाजात पुन्हा म्हटलं, बोट नेमकं कसं तिथेच पडलं तेही सांगितलं. लोक रडले. मीही रडले, आणि ते रडणं लोकांना आवडलं. त्यानंतर दरवर्षी बोलावतात.

देवानं त्या खोट्यातूनही काही केलं असेल का? लोकांचा विश्वास वाढला, हे खरं. पण ते देवाचं काम, त्याचं त्याला. माझ्या वाट्याचं मी सांगते आहे.

आणि अजून एक राहिलं. एवढं सांगून थांबले असते, तर हीही साक्ष अर्धीच झाली असती.

मी ते समुद्राचं वचन म्हटलं, तेव्हा बाबांनी विचारलं, "हे मिसरातून निघाल्याचं ना?" मी हो म्हटलं. ती गोष्ट पुस्तकाच्या अगदी सुरुवातीला आहे. तिच्याआधीची पानं बोटभर जाडीचीसुद्धा नसतात. आणि बाबांचा डावा हात डाव्या पानांखाली होता. तिथे चांगला गठ्ठा होता. त्यांची बोटं त्या गठ्ठ्याच्या कडेवरून सावकाश खालपासून वरपर्यंत फिरली, मग परत खाली. मी ते पाहिलं. नुसतं पाहिलं नाही, मला कळलं, आणि मला कळलं हे त्यांनाही कळलं असणार, कारण माझा श्वास अडकला होता आणि आंधळ्याला तेवढं ऐकू येतं.

"नक्की?" त्यांनी विचारलं. वाट पाहिली. बरीच वाट पाहिली त्यांनी.

"नक्की," मी म्हटलं.

त्यांनी पुस्तक मिटलं, माझ्या हातात दिलं. म्हणाले, "बरं. मग तू मिरजेची तयारी कर."

मी पुस्तक कपाटात ठेवलं. आणि पलंगाखालची ट्रंक ओढून पुसायला घेतली.