अंकुशला घेऊन काटोलला

माझा मोठा भाऊ अंकुश बोलत नाही. चाळिशी ओलांडली त्याने, दाढीत पांढरे केस आले, पण शर्टाची बटणं आजही कुणीतरी लावून द्यावी लागतात. आनंद झाला की दोन्ही हात कानांशी नेऊन बोटं फडफडवतो. भीती वाटली की स्वतःचंच मनगट चावतो. वडील होते तोवर काटोलच्या घरी त्याचं निभलं. ते गेल्यावर मला आणि आईला तो आवरेना, म्हणून त्याला नागपूरला ठेवलं. काटोल रोडवर, फेटरीच्या अलीकडे, अशा मोठ्या माणसांसाठी एक निवासी घर आहे. तिथे धम्मानंद काम करतो.

धम्मानंद मूळचा नागपुरातल्याच इंदोऱ्याचा. आता पन्नाशीला आला आहे. तरुणपणी तो विशेष मुलांच्या शाळेची गाडी चालवायचा. पोरं अठरा वर्षांची झाली की शाळा संपायची आणि गाडीतली एकेक जागा रिकामी व्हायची. एके सकाळी त्याला त्यातला एक जण घराच्या फाटकात उभा दिसला. पाठीवर दप्तर, नजर रस्त्याकडे. त्याची शाळा संपून तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं.

"मी गाडी थांबवली नाही ताई," धम्मानंदने मला सांगितलं होतं. "थांबवली असती तं तो चढला असता. मंग त्याले उतरवतो कुठं?"

फेटरीजवळचं घर सुरू झालं तेव्हा तो आपणहून तिथे गेला. गाडी तर चालवायचीच, पण आंघोळी, दाढ्या, जेवणं, औषधं, हेही करायचं. त्याची बायको भावना तिथेच स्वयंपाक करते.

अंकुशला भेटायला मी आणि आई महिन्यातून एकदा एसटीने जायचो. एकदा धम्मानंद त्याला आंघोळीला नेत होता. दाराशी थांबून त्याने विचारलं, "डोक्यावर पाणी घालू का गा?" आणि खरोखरच वाट पाहत उभा राहिला.

"धम्मानंददादा, तो कुठं उत्तर देतो?" मी म्हटलं.

"देते ना. खांदे पाहा त्याचे. ढिले सोडले तं हो म्हणते. नाही सोडले तं मी खालूनच पाणी घालतो."

त्या दिवशी अंकुशने खांदे सोडले. ज्याच्यासोबत लहानाची मोठी झाले त्या भावाला 'हो' म्हणता येतं, हे मला त्या न्हाणीघराच्या दारात कळलं.

मागच्या दिवाळीनंतर आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डॉक्टरांनी पातळ, मऊ जेवण हळूहळू भरवायला सांगितलं. पण आई तोंडच उघडेना. मी भरवलं, शेजारच्या नंदिनीकाकूंनी भरवलं. दोन चमचे झाले की ठसका लागायचा, मग आई ओठ घट्ट मिटून भिंतीकडे तोंड करायची. दिवसागणिक ती वाळत चालली. एकच शब्द तिला नीट जमायचा. "अंकुश."

मी धम्मानंदला फोन केला. पण अडचण अशी की अंकुश गाडीत बसत नसे. काटोलहून नागपूरला नेताना एकदाच बसला होता, तोही झोपेच्या गोळीवर. त्यानंतर इंजिनाचा आवाज आला तरी मनगट तोंडात जायचं.

"गोळी देऊन आणता येईल का?" मी विचारलं.

"येईन. पण मायजवळ तो झोपलेला काहून न्यायचा? मले थोडे दिवस द्या ताई."

पुढचं मला भावनाने सांगितलं. अंगणात गाडी उभी करून धम्मानंद तिचं सरकतं दार उघडायचा आणि पायरीवर बसून शेंगा सोलायचा. अंकुश लांब कडुनिंबाखाली. काही दिवसांनी तो शेंगांसाठी जवळ आला. मग पायरीवर बसला. मग आत. दार उघडंच. इंजिन सुरू केलं त्या दिवशी अंकुशने मनगट चावून रक्त काढलं आणि सगळं पुन्हा कडुनिंबापासून सुरू झालं. भावना चिडली, "काहून त्याच्या मागं लागून राहिले? म्हातारीचे दिवस चालले तिकडे." दुसऱ्या दिवशी धम्मानंदने इंजिन सुरू केलं, खाली उतरला आणि बॉनेटवर दोन्ही तळहात ठेवून उभा राहिला. बराच वेळ. शेवटी अंकुश आला आणि त्याने आपले हात त्याच्या हातांशेजारी ठेवले. पत्र्याची ती थरथर तळहातांना लागली, आणि तो हसला.

एका रविवारी सकाळी आमच्या दारात गाडी थांबली. संत्र्यांना आंबिया बहाराची फुलं आली होती, काटोलभर तो वास पसरला होता. अंकुश उतरला. धम्मानंदचा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. वाटेत कळमेश्वरला अंकुश घाबरला म्हणून त्यांना तासभर रस्त्याकडेला थांबावं लागलं होतं.

अंकुश सरळ आईच्या खोलीत गेला. मला वाटलं तो बोटं फडफडवेल. नाही. तो उभाच राहिला. आईचं वाकडं झालेलं तोंड बघत. आईच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं.

मी नुकताच वरण-भात कालवून आणला होता. वाटी तिपाईवर ठेवली. अंकुशने वाटीकडे पाहिलं, मग आईकडे. पलंगावर तिच्या निरोगी बाजूला बसला. एक हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि तसाच थांबला. मग अर्धा चमचा भात घेऊन तिच्या खालच्या ओठाला नुसता टेकवला. आत ढकलला नाही. वाट पाहिली.

"हं," तो म्हणाला.

आईने तोंड उघडलं.

घास आत गेल्यावर त्याने बोटाची मागची बाजू तिच्या गळ्यावरून हलकेच खाली फिरवली. आईने गिळलं. ठसका लागला नाही. परत चमचा, परत ओठाला टेकवणं, परत थांबणं. घाई नाही. ज्याला स्वतःचं ताट पुढ्यात ओढून द्यावं लागतं, तो माणूस अर्धी वाटी भात भरवून गेला, आणि शेवटी आईच्याच पदराने तिचे ओठ पुसले.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. धम्मानंदकडे पाहिलं तर तो खाली बसला होता, भिंतीला टेकून, तोंडावर हात ठेवून.

"तुम्ही शिकवलं त्याला?" मी हळूच विचारलं.

त्याने मान हलवली. "नाही ताई. सौरव आहे ना आमच्याकडे, चाकाच्या खुर्चीतला, त्याचं अंग ताठ असते, त्याले मी असंच भरवतो. इतक्या वर्षांपासून. अंकुश समोर बसते, पण तो तं पंख्याकडं पाहत राह्यते." अंकुशकडे पाहत म्हणाला, "मले वाटे तो पंखा पाहून राहिला."

देवळात माणसं जसं बोलतात, तसं तो बोलत होता.

त्यानंतर पंधरवड्यातून एकदा, रविवारी, ते दोघे यायचे. अंकुशने कसं भरवलं ते बघून मीही शिकले. हात आधी खांद्यावर, मग चमचा. आईच्या अंगावर थोडं मांस आलं. उन्हाळा तिने पाहिला. आषाढात एके पहाटे ती झोपेतच गेली.

अंकुशला आणावं की नाही, यावर आमच्या नातेवाइकांत दोन मतं पडली. धम्मानंद त्याला घेऊन आलाच. लोकांच्या गर्दीत अंकुश आईजवळ बसला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि वाट पाहिली. कितीतरी वेळ. मग त्याने मान वर करून धम्मानंदकडे पाहिलं.

"नाही गा," धम्मानंद त्याच्याशेजारी बसत म्हणाला. "आता माय नाही उठत."

अंकुशने मनगट तोंडाकडे नेलं. धम्मानंदने ते धरलं नाही. आपलाच हात पुढे केला. अंकुशने तो दोन्ही हातांत घट्ट पकडला, आणि तिरडी उठेपर्यंत सोडला नाही.

आता आई नाही, तरी रविवार आला की अंकुश गाडीपाशी जाऊन उभा राहतो. धम्मानंद त्याला आणतो. मी पोळ्या करते, ते दोघे ओसरीत बसून जेवतात, आणि दुपार कलली की नागपूरला परत जातात. मागच्या वेळी निघताना मी अंकुशला विचारलं, "पुढच्या रविवारी येशील?" आणि विचारून झाल्यावर थांबले, त्याच्या खांद्यांकडे बघत.