पत्र्यातला करंट

कुंभार पिंपळगावात मोटार जळाली की लोक सालेहाकडे येतात. दुकानाच्या पाटीवर नाव अजून तिच्या वडिलांचं, महेमूदभाईंचं आहे. पण त्यांची नजर अधू झाल्यापासून गेली बारा-तेरा वर्षं तारेचे वेढे तीच घालते. शेतातले पंप, गिरणीच्या मोटारी, आणि ऊन तापू लागलं की कूलरच कूलर. तिची एक खोड गावाला ठाऊक आहे. कूलरचं नुसतं गवत बदलायला कोणी बोलावलं तर ती जात नाही. "ते घरीच होतंय की," म्हणते.

एप्रिलातल्या एका दुपारी शिवकन्याबाई दुकानात आल्या. अप्पाराव सरांच्या पत्नी. सरांनी सालेहाला आठवीला विज्ञान शिकवलं होतं. निवृत्तीनंतर सर घरातलं सगळं स्वतःच दुरुस्त करत. मिस्त्रीला उंबरा ओलांडू देत नसत.

"कूलरमधी पाणी टाकताना हाताला मुंग्या येऊन राह्यल्या," बाई हळूच म्हणाल्या.

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. रबरी चप्पल घालूनच टाकते मी पाणी."

"सरांना सांगितलं न्हाई?"

"सांगितल्तं एकदा. म्हणले, ओला हात कशाला लावते. मंग परत न्हाई सांगितलं."

सालेहानं हातातली तार खाली ठेवली. "जल्दी घरी जा, बटन बंद करून पिन काढून ठेवा. मी आलेच."

वाटेत तिला कामाची नव्हे, बोलण्याची धास्ती वाटत होती. ज्यांनी फळ्यावर खडूनं विजेचा मार्ग काढून दाखवला, त्यांना आता आपण काय सांगायचं?

"तुला कोणी बोलावलं?" दारातच सरांनी विचारलं.

"मी," मागून बाई म्हणाल्या.

सर बाजूला झाले. सालेहानं पिन पाहिली. तिचा तिसरा, अर्थिंगचा जाडा पाय कापलेला होता.

"बोर्डाला दोनच भोकं होती," सर म्हणाले.

तिनं क्षणभर कूलर चालू करून पत्र्याला टेस्टर लावला. त्यातला दिवा लागला. पिन काढून तिनं बाजूची जाळी उघडली. पंपाच्या वायरीला जोड होता. त्यावरची चिकटपट्टी भिजून सुटली होती आणि उघडी तार पत्र्याला टेकली होती.

"जोड मीच मारला," तिनं विचारण्याआधीच सर म्हणाले. "पण मला कधी झटका बसला नाही."

"पाणी तुम्ही टाकता का, सर?"

सर बायकोकडे बघत राहिले. "एवढे दिवस?"

"मागचा उन्हाळा, अन् हा महिना," बाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. सर खुर्चीवर बसले.

सालेहा काम करता करता म्हणाली, "पंप तुम्ही चांगला बसवला, सर. गवत, टाकी, सगळं साफ. ते तुम्हीच करत जा. पण पत्र्याला मुंग्या आल्या की तिथं अंदाज चालत न्हाई. त्याच दिवशी बंद करायचं अन् जाणकार माणूस बोलवायचा."

तिनं बिनजोडाची अख्खी वायर टाकली, तीन पायांची पिन बसवली. पण घराला अर्थिंगच नव्हतं. "हे धर्मराज वायरमन करील. त्याच्याकडं लायसन आहे. तोवर कूलर लावू नका."

"तुला येत नाही?"

"थोडं येतं. थोडंच येतं म्हणून करत न्हाई."

दोन दिवस सर-बाईंनी उकाड्यात काढले. तिसऱ्या दिवशी धर्मराजनं अंगणात खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, तीन भोकांचा बोर्ड लावला, करंट गळताच लाइट तोडणारा स्विच बसवला. सर शेजारी उभे राहून एकेक गोष्ट विचारत होते, आणि उत्तर मिळालं की मान हलवत होते.

मे महिन्यात सरांचा सालेहाला फोन आला. मुलाच्या खोलीतला एसी गार करत नव्हता.

"जाळी धुऊन बघितली. फरक नाही. पुढं काही उघडलं नाही मी."

"बराबर केलं, सर. गॅसचं काम दिसतंय. ते मला येत न्हाई, जालन्याहून माणूस पाठवते. उद्या चालेल?"

"थांब," सर म्हणाले, "शिवकन्येला विचारून सांगतो."