छबुबाई आणि निजामाचा फोन

सकाळचे साडेआठ. कुकरची दुसरी शिट्टी व्हायची होती आणि आमचे हे बैठकीत टेलिफोनला चिंच लावून घासत बसले होते. घरातलं एक भांडं या माणसानं कधी घासलं नाही. पण हा पितळी फोन पडला निजामाच्या काळातला, पुण्याहून सर्टिफिकेटसकट मागवलेला. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्यानं त्याची एवढी सेवा करायलाच हवी.

तेवढ्यात दार वाजलं. छबुबाई होती. अंबाजोगाईत आमच्या गल्लीतली रद्दी आणि भंगार तीच नेते. माहेर धारूरकडचं, आईबाप ऊसतोडीला जायचे. लग्नानंतर एक हंगाम तिनंही कोयता चालवला, मग नवऱ्याला म्हणाली, "तू जा, मला पाचट टोचतं," आणि हातगाडा घेतला. पुढं घरोघरचे वायरचे फोन बंद पडले, तेव्हा पोत्यानं आलेले फोन तिनं तांब्यासाठी फोडले. फोनच्या पोटात काय असतं ते तिला तिथं कळलं.

रद्दी मागायच्या आधी तिची नजर त्या चकाकीवर गेली. "बघू का?" म्हणाली, आणि ह्यांनी होय-नाही म्हणायच्या आत रिसीव्हर उचललासुद्धा.

"हलका हाय." मग रिसीव्हरच्या काळ्या मुठीवर अंगठा खसाखसा घासला आणि हुंगला. "वास न्हाई. खरा जुना असला ना ताई, की घासल्यावर दवाखान्यावानी वास येतो. ह्यो प्लास्टिकचा."

"सर्टिफिकेट आहे," हे म्हणाले.

"ते बी घासू का?"

मी जाऊन गॅस बंद करून आले. शिट्टीपायी काही ऐकायचं राहून जायला नको होतं.

तिनं फोन उलटा केला. "ह्यो स्क्रू बघा, फुलीचा. जुन्याला एकच सरळ चीर असती." मग नंबरची चकती फिरवून सोडली. "जुनी असती तर घर्र करत एका चालीनं माघारी आली असती. ही बघा, झोपंतून उठल्यावानी येती."

"आणि हे निजामाचं चिन्ह?" ह्यांनी शेवटचा बुरूज लढवला.

"सर, निजाम गेला तवाच गेला. ठप्पा कुनी बी मारतंय."

"म्हणजे यात खरं काहीच नाही?"

"पितळ हाय की. वजनावर घेते."

मला हसू आवरेना. हे चिंचेचे हात धुवायला जे आत गेले, ते बराच वेळ धूतच राहिले.

छबुबाई मात्र रद्दीला हात न लावता उंबऱ्याशी बसली. "ताई, काम येगळंच हाय."

तिच्याकडं एक फोन आला होता, काळा, अस्सल. गेल्या वर्षीही असाच एक आला होता. शहरातला एक व्यापारी आला, फोनपेक्षा तिच्या हातांकडं जास्त बघितलं, "डुप्लिकेट आहे गं हा," म्हणाला आणि भंगाराच्या भावात घेऊन गेला. महिन्यानं तिच्या लेकीनं, ऋतुजानं, मोबाइलवर त्याच्या दुकानाचा फोटो दाखवला. तोच फोन, काचेच्या कपाटात, खाली 'अस्सल' अशी पाटी.

"फोनच्या कानापाशी टवका उडालता. माझ्याच हातनं उडाला. मी वळखनार न्हाई व्हय?"

तोच व्यापारी आज बारा वाजता परत येणार होता.

"मग त्यालाच कशाला बोलावलं?"

"दुसरं कोन येतंय हितं?" ती म्हणाली. "ह्या फोनची वायर नवी हाय, मीच घातली. ते मी आधीच सांगनार. बाकी समदं खरं हाय, आन् कावून खरं ते बी मला सांगता येतं. पन तो ऐकतच न्हाई. मी बोलाया लागले की मोबाइल बघतो."

आतून ह्यांचा आवाज आला, "मी येतो. मी बोलतो त्याच्याशी."

"तुमी नगं, सर. तुमी त्याच्याकडून अजून एक घिऊन येताल."

मग माझ्याकडं वळली. "ताई, तुमी या. काय बोलू नगा, बोलायचं ते मी बोलते. नुसतं तो जाईपत्तर माझ्याशेजारी बसा."