समजामास्तर नक्की कुणाचे?

आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या मास्तरांचा धर्म कोणता, या प्रश्नावर गावाने जेवढं डोकं शिणवलंय, तेवढं पोरांच्या परीक्षेवर शिणवलं असतं तर निकाल सुधारला असता. त्यातही गंमत अशी, की हे गृहस्थ माध्यमिक शाळेत पोरांना धर्मच शिकवतात.

मुळात ते भूमितीचे. धर्माचा तास त्यांच्या गळ्यात पडला तो भक्तीमुळे नव्हे, वेळापत्रकामुळे. शाळेत तो घ्यायला कुणीच तयार नव्हतं. भाषेच्या बाई म्हणाल्या, माझा घसा बसतो. इतिहासाचे सर म्हणाले, मी तोंड उघडलं तर पालक दगड घेऊन येतील. मास्तरांचे आठवड्याचे तास कमी भरत होते. तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, कपड्याचा उरलेला तुकडा कुठेतरी ठिगळ म्हणून लावावा तसा तो तास त्यांना चिकटवला. वर्गखोली शिल्लक नव्हती, म्हणून जागा दिली जुन्या प्रयोगशाळेत. टेबलाटेबलाला मोरी, एक नळ कायमचा गळका, गॅसचा मुरलेला वास आणि कोपऱ्यात खुंटीला टांगलेला हाडांचा सापळा. पोरं त्याला 'निवृत्त सर' म्हणतात. मेल्यावर माणसाचं काय होतं यावर वर्गात फारच हमरीतुमरी झाली, की मास्तर हातातला खडू तिकडे रोखतात. म्हणतात, त्यांना विचारा, ते जाऊन आलेत.

आता भूमितीच्या माणसाची खोड कुठे जाणार? त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, 'समजा'. समजा, ही रेघ सरळ आहे. समजा, मी हा धर्म मानतो. एकेका धर्माला एकेक महिना. त्या महिन्यात मास्तर पुरते त्या धर्माचे. पोरांनी वाटेल ते विचारायचं, खोड्या काढायच्या, कोंडीत पकडायचं, आणि मास्तरांनी आतून उत्तर द्यायचं. 'ते लोक असं म्हणतात' हे वाक्य वर्गात बंद. 'आम्ही असं मानतो' असंच बोलायचं. दुसऱ्या धर्माला नाव ठेवायचं नाही. महिना संपला की फळा पुसायचा आणि नवा 'समजा' लिहायचा.

पोरं वर्षभर त्यांना पकडायला टपलेली. त्यात एक चष्मेवाली होती, तिच्या तोंडाला तिची आईसुद्धा लागत नसे. एकदा ती उभी राहून म्हणाली, सर, आज तुम्ही म्हणता माणूस एकदाच जन्मतो, आणि गेल्या महिन्यात म्हणालात पुन्हापुन्हा जन्मतो. यातलं खोटं कुठलं?

"मागच्या महिन्यातले मास्तर रजेवर आहेत," मास्तर म्हणाले. "ते रुजू झाले की त्यांना गाठ. मला आजचं विचार."

समजामास्तर हे नाव त्या दिवसापासून पडलं.

पण आतून उत्तर द्यायचं तर आत जायला हवं. मास्तर सुट्टीच्या दिवशी पाळीपाळीने देवळात पुजारीबुवांपुढे, मशिदीत मौलवीसाहेबांपुढे आणि चर्चमध्ये फादरांपुढे जाऊन बसत. प्रश्न विचारत ते असे, की समोरचा आधी सुखावे आणि मग घामाघूम होई. आयुष्यभर मान डोलावणारे भक्त बघितलेल्या या तिघांना असा माणूस कधी भेटलाच नव्हता. इतक्या पोटतिडकीने विचारतोय म्हणजे हा आपलाच, अशी प्रत्येकाची मनोमन खात्री पटली. नोकरीपायी बिचारा उघड बोलत नाही, एवढंच. तिघांनीही हे गुपित आपापल्या माणसांना अगदी खासगीत सांगितलं. आमच्याकडे खासगीत सांगणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. दवंडी परवडली.

परिणाम असा, की मास्तरांच्या घरी तिन्हीकडून फळं येऊ लागली. घरात मास्तर, त्यांची बायको आणि बायकोची आई. ही म्हातारी दातांनी अधू आणि कानांनी तिखट. ती म्हणायची, जावयाचा देव कुठला ते मला ठाऊक नाही, पण त्याचं पपई निवडणं चांगलं आहे.

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण शाळेत एक कवायतमास्तर आहेत. त्यांना फुटबॉलसाठी जादा तास हवा होता आणि डोळा होता नेमका धर्माच्या तासावर. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत खडा टाकला: ज्याला स्वतःचा पत्ता माहीत नाही, तो पोरांना वाट काय दाखवणार? हा खडा उडत उडत शाळा समितीच्या अध्यक्षांच्या कपाळाला लागला. अध्यक्षांचं औषधांचं दुकान. पुडीवर छापलेल्या मुदतीपलीकडे त्यांची कशावर श्रद्धा नाही. समितीत बाकी मोठ्या बाई आणि हेच तिघे, पुजारीबुवा, मौलवीसाहेब आणि फादर. अध्यक्षांनी सभा बोलावली. मास्तरांनी आपण कोण ते स्पष्ट सांगावं. नाही सांगितलं तर धर्माचा तास बंद, आणि त्या वेळात फुटबॉल.

तास गेला तर मास्तरही गेले, हे शिपायालासुद्धा कळत होतं. तास कमी पडले की माणूस अतिरिक्त ठरतो, आणि अतिरिक्त माणसाला कुठल्या कुठे फेकतात. पण मास्तरांना बदलीचं तेवढं नव्हतं. वर्षानुवर्षं भूमिती शिकवून एकाही पोराने त्यांना मधल्या सुट्टीत अडवलं नव्हतं. या तासाची पोरं त्यांना जिन्यात अडवत, सायकलीच्या स्टँडवर अडवत, आणि एक तर त्यांच्या दाताच्या डॉक्टरकडे पोचला होता, जिथे मास्तरांना तोंड उघडं असूनही उत्तर देता येईना. तो वर्ग हातचा जाणार म्हटल्यावर त्यांचं जेवणावरून मन उडालं.

सभेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, की आपण उद्या खरं काय ते सांगून टाकणार. तिने विचार करून म्हटलं, सांगा, पण दोन घरची फळं नक्की बंद होतील. तिन्ही घरची झाली तरी मला नवल वाटणार नाही. म्हातारी आतून म्हणाली, पपई आधी संपवून घेऊ.

पुढचं मला शिपायाकडून कळलं. त्या दिवशी तो चहा घेऊन इतक्या वेळा आत गेला, की समितीची झोप महिनाभर उडाली असणार.

मोठ्या बाईंच्या खोलीत सगळे बसले होते. ढालींच्या कपाटाला टेकून कवायतमास्तर उभे, काखेत फुटबॉल, जणू तास मिळताच तिथूनच मैदान गाठायचं होतं. खिडकीखाली पोरांची गर्दी, आणि तीत चष्मेवाली सगळ्यात पुढे. पुजारीबुवा, मौलवीसाहेब आणि फादर शेजारी शेजारी बसले होते. तिघांच्याही चेहऱ्यावर एकच हसू, आपल्या पोराचा पहिला नंबर येणार हे आधीच कळलेल्या बापाचं. पण तिघांनी एकमेकांकडे बघितलं, शेजारच्याही तोंडावर तेच हसू दिसलं, आणि हसू जरा सैल झालं.

अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, आडपडदा नको. तुम्ही स्वतः नक्की कोण?"

मास्तर उठले. चष्मा पुसला. हात उगाचच खडू शोधत खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला.

"सांगतो," ते म्हणाले.

शिपाई सांगतो, त्या एका शब्दाबरोबर तीन कप तीन तोंडांपाशी थांबले. तिघांनाही एकाच क्षणी कळलं, की आता एक नाव निघणार, आणि ते आपलं नसलं तर उद्या आपल्याच माणसांपुढे आपण तोंडावर पडणार. इतके दिवस छाती फुगवून सांगितलेलं गुपित!

फादर आधी खाकरले. म्हणाले, चारचौघांत असं विचारणं सभ्यपणाचं नाही. मौलवीसाहेबांनी लगेच दुजोरा दिला. माणूस आणि वरचा यांच्यातली ही गोष्ट, मध्ये समितीने नाक खुपसू नये. पुजारीबुवा कसे मागे राहतील? ते म्हणाले, सांगणाऱ्याला काही नाही, पण विचारणाऱ्याला पाप लागतं. अध्यक्षांचा पापावर विश्वास नव्हता, पण गिऱ्हाइकांवर होता, आणि तिघांचीही औषधं त्यांच्याच दुकानातून जात. त्यांनी कागद उगाच इकडचे तिकडे केले.

मास्तर उभेच. "पण मला सांगायचंय," ते म्हणाले.

"बसा," तिघे एका सुरात म्हणाले.

शाळेच्या घंटेच्या वेळेवरसुद्धा या तिघांचं आजवर कधी जमलं नव्हतं. मोठ्या बाई पदराआड हसल्या आणि त्यांनी मत घ्यायला सांगितलं. ठरलं असं, की धर्माचा तास चालू राहणार, आणि या विषयावर मास्तरांना शाळेत कुणी काही विचारायचं नाही. कवायतमास्तर फुटबॉल घेऊन निघाले, तेव्हा दारात तो काखेतून निसटला आणि जिन्यावरून टप्पे खात खाली गेला. सभेतला तेवढाच खेळ.

तास वाचला. मास्तरांनी आनंदाने उड्या मारायला हव्या होत्या. पण दुसऱ्या दिवशी चष्मेवालीने विचारलं, सर, तुम्ही खरंच सांगणार होतात? मास्तर म्हणाले, हो. मग आता सांगा ना. ते म्हणाले, शाळेत बंदी आहे. हे बोलताना त्यांचा आवाज, ती सांगते, वर्गातून बाहेर काढलेल्या पोरासारखा झाला होता. माणूस एकदा मन घट्ट करून उभा राहिला आणि त्याला बसा म्हटलं, की ते बसणं फार वेळ टोचतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला गाठलं. ती म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून थांबलात ना? मग दूध तापेपर्यंत थांबा." मास्तर थांबले नाहीत. ते म्हातारीच्या खाटेशी जाऊन बसले आणि त्यांनी तिला हळू आवाजात, बराच वेळ, सगळं सांगितलं. म्हातारीने पपईची फोड चघळत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं. जेवायला बसा." मास्तर त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवले.

झालं. त्या दिवसापासून त्या खाटेपाशी रीघ लागली. मास्तरांना विचारायची बंदी, म्हातारीला विचारायला कुणाची बंदी? पुजारीबुवा केळी घेऊन गेले, परतताना चाल बदललेली. मौलवीसाहेब डाळिंबं घेऊन गेले, तेही खुशीत बाहेर आले. फादर सफरचंदांची पिशवी ठेवून शीळ घालत गेले. अध्यक्ष नुसत्या खोकल्याच्या गोळ्या घेऊन गेले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत शिपायाला म्हणाले, हा माणूस माझ्यासारखाच निघाला, कशावर विश्वास नाही त्याचा.

मग मलाही राहवेना. चांगली अर्धा किलो द्राक्षं घेऊन मी खाटेशी बसलो. म्हातारीने मला जवळ ओढून कानात सांगितलं. माझाही आधीपासून तोच अंदाज होता, त्यामुळे मी मोठ्या समाधानाने दारापर्यंत आलो, आणि तिथे माझे पाय थबकले. मी वळून बघितलं. म्हातारी एक द्राक्ष तोंडात टाकून माझ्याकडेच बघत होती.

"आंबट आहेत," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला बघून आणा."