ढेकरताईचं माहेर

आमच्या कार्यालयात तिला सगळे ढेकरताई म्हणतात. तोंडावर नुसतं ताई. गाय रवंथ करते तेव्हा तिच्या पोटात वायू होतो, तो ढेकरावाटे बाहेर पडतो आणि हवा तापवतो. आपल्या देशातल्या गाईंनी वर्षभरात असा किती वायू सोडला आणि नदीपलीकडच्या देशातल्या गाईंनी किती, हे एका आलेखावर दोन रेघांनी दाखवणं हे तिचं काम. लोकांना वाटतं, हा वायू मागच्या बाजूने येतो. ताई प्रत्येकाची चूक सुधारते, समोरचा जेवत असला तरी. शेजारच्या टेबलावर माझ्याकडे कोंबड्यांचे आकडे असतात. कोंबडी रवंथ करत नाही, त्यामुळे मला कुणी हिंग लावून विचारत नाही.

ताई गोठ्यातच वाढली. लग्न करून शहरात आली. नवरा शिंपी, आणि शिवणाच्या मशीनपेक्षा कमी बोलणारा. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे थोरला दादा, वहिनी आणि दादाच्या गाई. दर रविवारी सकाळच्या बसने ती तिकडे जाते. सोमवारी तिच्या चपलांना शेण असतं आणि चेहऱ्यावर सुट्टी लागलेल्या पोरीसारखा आनंद.

आलेखात आपली रेघ वर्षानुवर्षं उतरत होती आणि पलीकडच्यांची होती तिथेच होती. साहेबांनी तो चौकटीत बसवून भिंतीवर टांगला. दादा गावच्या दूध संघाचा अध्यक्ष. त्याने संघाच्या पिशव्यांवर छापून घेतलं : ‘पलीकडच्यापेक्षा हवेला हलकं दूध’. दूध बरं खपत होतं. दादा येईल त्याला सांगायचा, “आकडे आमच्या धाकटीचे आहेत.”

एका रविवारी दादाच्या गोठ्यात लोखंडी कठडे कापायचं काम चाललं होतं. नव्या गाई जुन्या खणांत मावत नव्हत्या. जेवताना दादा मिशीत हसत म्हणाला, “बाबांच्या वेळच्या गाई यांच्या पोटाखालून गेल्या असत्या!” ताईचा घास हातातच राहिला.

कारण आपल्याकडचा हिशोब सरळसोट होता. गाई किती, गुणिले एका गाईचा वायू. त्यातला गाईंचा आकडा दरवर्षी नवा यायचा. एका गाईचा वायू मात्र बाबांच्या काळातल्या बारक्या गाईंवरून एकदा ठरला, तो ठरलाच. पलीकडचे दरवर्षी वजन आणि दूध पाहून तो बदलायचे. आपल्या गाई संख्येने घटल्या म्हणून आपली रेघ उतरली. उरलेल्या गाई दुप्पट दूध देताहेत, म्हणजे खातही जास्त असणार आणि ढेकरही जास्त देत असणार, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताईच्याही नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

तिने वजन आणि दूध धरून जुनी सगळी वर्षं नव्याने मांडली. आपली रेघ उतरायची थांबली आणि शेवटी शेवटी पलीकडच्यांच्या वर गेली.

मी म्हटलं, “ताई, पुढच्या वर्षी तू निवृत्त होतेस. हे घोंगडं पुढच्याच्या गळ्यात टाक की.”

“आणि रविवारी दादाच्या घरी कुठल्या तोंडाने जेवू?”

“खरं सांगितलंस तर तिथे जेवायला मिळणारच नाही.”

“तेही आहे,” ती म्हणाली. मला तिचा रागच आला. घरच्या सुखावर असा धोंडा मारून घ्यायचा म्हणजे काय!

नवा आलेख छपाईला जाण्याआधी तिने दादाला जाऊन सांगितलं. तो ओरडला नाही. “माझ्या घरात पाटावर बसलीस आणि माझ्याच गाई मोजल्यास,” एवढंच बोलून तो गोठ्यात निघून गेला. वहिनीने ताट वाढलं, पण कुणी जेवलं नाही. त्यानंतर ताईचे रविवार शहरातच गेले. सोमवारी चपला स्वच्छ असायच्या. मला बघवत नव्हतं, म्हणून मी कोंबड्यांत डोकं घालून बसायचो.

मग एका दुपारी तिचा फोन वाजला. दादाचा आवाज शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारणाऱ्याचा, त्यामुळे सगळं मलाही ऐकू येत होतं.

“तुझा आकडा चुकलाय!”

“कुठला, दादा?”

“वजनाचा. तुला खोटं पाडायचं म्हणून संघातल्या सगळ्यांच्या गाई काट्यावर चढवल्या. गाईमागे साडेपाचशे किलो धरलेस तू. आमच्या सरासरीने सहाशेच्या वर भरल्या.”

ताईने पेन्सिल उचलली, मग खाली ठेवली. “दादा, मग आपली रेघ आणखी वर जाईल.”

“जाऊ दे.”

“पिशव्यांवरचं काढावं लागेल.”

“काढलं. सभेत दोघंतिघं तावातावाने बोलले. बोलू देत. पण एवढी पोसलेली जनावरं आणि सरकारी कागदावर मरतुकडी? ते मी चालू देणार नाही. जेवढं आहे तेवढं लिही.”

ताईने पेन्सिल पुन्हा उचलली आणि आकडा लिहून घेतला.

“आणि रविवारी कुठे उलथलेली असतेस गं? वहिनी दर वेळी तुझं ताट मांडते आणि मग माझ्यावर डाफरते.”

ताईला उत्तर द्यायचं होतं, पण रडू आवरेना. शेवटी तिने फोन माझ्या हातात दिला, आणि दादाच्या “हॅलो, हॅलो” ला मीच सांगितलं की ती येतेय.