न निघालेली चिठ्ठी

"तुले कोणं सांगतलं? अन् त्याले कोणं सांगतलं?" हे दोन प्रश्न मास्तर कोणालाही विचारीत. एकदा दिग्रसच्या मोटारस्टँडवर कंडक्टर म्हणाला की आज पुसदची गाडी जाणार नाही. मास्तरांनी पिशवी खाली ठेवली आणि चौकशी सुरू केली. कंडक्टरला कंट्रोलरनं सांगितलं होतं. कंट्रोलरला डेपोतून निरोप आला होता. डेपोला यवतमाळच्या साहेबांनी कळवलं होतं. "बस, मंग ठीक हाये," म्हणून मास्तर पिशवी उचलून घरी परतले. गाडी चुकल्याचं त्यांना काही वाटलं नाही. निरोप वरपासून खालपर्यंत नीट पोचला, यातच ते खूश होते.

विदर्भ नुकताच मुंबई राज्यात गेला होता, तेव्हा मी तिथल्या मिशनच्या शाळेत गणित शिकवायला लागलो. मास्तर इतिहास शिकवीत आणि रविवारी चर्चमध्ये उपदेश करीत. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे त्यांच्यातली उतरंड मला मास्तरांनीच समजावली. उपदेशकाला उपदेश करता येतो, प्रार्थना चालवता येते. पण बाप्तिस्मा देणं आणि प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीची, भाकर मोडून द्राक्षरसासह वाटणं हे पाळकाचं काम. पाळक व्हायचं तर आधीच्या पाळकांनी डोक्यावर हात ठेवावा लागतो. मास्तरांच्या डोक्यावर तो वीस वर्षांत कोणी ठेवला नव्हता. महिन्यातून एकदा यवतमाळहून गोरे पाद्रीसाहेब जीपनं येत आणि भाकर देऊन जात.

आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. पहाटे मास्तर प्रभुभोजनाची प्रार्थना तोंडपाठ म्हणत, ती मला अंथरुणात ऐकू येई. भाकरीवरच्या आशीर्वादापाशी आले की ते थांबत. मी एकदा गमतीनं म्हटलं, "मास्तर, एवढं म्हणता, तर पुढचंही म्हणून टाका की."

"ते मले म्हणता येत नाही."

"पाठ नाही?"

"पाठ हाये. हात नाही."

वर्गात ते पानिपत शिकवता शिकवता कधी पहिल्या शतकात शिरतील याचा नेम नसे. "बादशाच्या घरी गादी तलवारीनं जाते, राजाच्या घरी पोटानं जाते, अन् चर्चच्या मंडळीत हातानं जाते," असं ते सांगत. प्रभूनं शिष्यांना निवडलं, शिष्यांनी गावोगावच्या वडिलांवर, म्हणजे मंडळीतल्या जाणत्यांवर, हात ठेवले, त्या वडिलांनी पुढच्यांवर. या साखळीतली एक कडी जरी आपोआप लागली, तरी पुढचं सगळं लटकं, असं त्यांचं म्हणणं. मुलांना यातलं काही कळत नसे, पण परीक्षेत हे येत नाही हे कळत असे, त्यामुळे मुलं शांत बसून ऐकत.

आता जे सांगतो ते हसण्यासारखं नाही. एका श्रावणात मास्तरांची बायको तापानं खंगली. शेवटचं आहे हे तिलाही कळलं होतं. तिला प्रभुभोजन हवं होतं. मास्तरांनी यवतमाळला तार केली, पण दारव्ह्याच्या अलीकडे नाल्याला पूर होता आणि जीप पलीकडे अडकली. दुपारी माझी बायको आणि मी तिच्या उशाशी होतो. भाकर घरातच कपाटात होती, शेजारी बाटलीत द्राक्षाचा रस होता.

"तुमीच द्या ना," ती म्हणाली.

"येतीन साहेब. येतीन थोड्या वेळात."

"माह्यापाशी वेळ नाही ना, बापा."

मास्तरांनी तिचा हात हातात घेतला, सोडला नाही. पण कपाट उघडलं नाही. चार वाजता ती गेली.

दोन दिवसांनी पाद्रीसाहेब आले. त्यांना खरंच वाईट वाटलं. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही द्यायला पाहिजे होतं. आमच्या पंथात एवढं कडक नाही. अडचणीच्या वेळी मी नाही म्हटलं नसतं."

मास्तर म्हणाले, "मंग तवा सांगून काहून नाही ठेवलं, साहेब?"

मला त्या दिवशी मास्तरांचा राग आला होता. खरं सांगायचं तर आजही थोडा आहे.

त्यानंतर तीनेक वर्षांनी पाद्रीसाहेब मायदेशी परत जायला निघाले. जाण्याआधी इथल्याच एकाला पाळक करायचं ठरलं. नावं दोन होती. एक मास्तरांचं आणि दुसरं मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचं. कंपाउंडर म्हणजे गोल अंगाचा, हसतमुख गृहस्थ. कोणाच्याही घरी ताप आला की बोलावण्याआधी हजर. पाठांतराच्या नावानं मात्र शून्य. मास्तरांना पाळक व्हायचं होतं, फार व्हायचं होतं. भिंतीपलीकडून पहाटे रोज ऐकणाऱ्या मला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

मंडळीत तीस-पस्तीस घरं, त्यांचे दोन तट पडले. शाळेकडचे म्हणत, मास्तरांइतकं शास्त्र कोणाला येतं? दवाखान्याकडचे म्हणत, "ज्यानं बायकोले भाकर देल्ली नाही, तो आपल्याले काय देईन?" हे मास्तरांच्या कानावर गेलं. पुढे आठवडाभर पहाटेची प्रार्थना ऐकू आली नाही.

शेवटी तोड मास्तरांनीच काढली. येशूला दगा देणाऱ्या यहूदाची जागा रिकामी झाली तेव्हा अकरा शिष्यांनी दोन माणसं उभी केली, प्रार्थना केली आणि चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. आपणही तसंच करावं. कंपाउंडर हात जोडून म्हणाले, "मास्तर, मी बसतो ना खाली. तुमीच व्हा."

"तुमच्या म्हणण्यानं होत नाही," मास्तर म्हणाले. "अन् माह्याबी नाही."

पाद्रीसाहेबांच्या हॅटमध्ये दोन चिठ्ठ्या टाकल्या. मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं एक उचलली आणि पुढे केली. "घ्या, वाचा कोनाचं हाये ते. मले कुठी वाचता येते!" सगळे हसले. नाव कंपाउंडरचं होतं. सगळ्यांत जास्त घाबरले ते कंपाउंडर. मास्तर उठले, त्यांना नमस्कार केला आणि सतरंज्या गोळा करायला लागले.

दीक्षेच्या रविवारी मी खिडकीशी उभा होतो. पाद्रीसाहेबांनी कंपाउंडरच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या रिवाजाप्रमाणे मंडळीच्या वडिलांनीही ठेवले. मास्तर त्या वडिलांपैकीच एक. प्रार्थना संपली, बाकीचे हात निघाले, मास्तरांचा तेवढा राहिला. साहेबांनी तो मनगटाला धरून हळूच बाजूला केला.

संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. काय बोलावं सुचेना, म्हणून विचारलं, "मत्थियाची चिठ्ठी निघाली. त्या दुसऱ्याचं पुढे काय झालं?"

"लिहून नाही ठेवलं कोणी."

"तरी पण?"

"पुढच्या आठवड्यात आला असन प्रार्थनेले. जाईन कुठी?"

पुढे मला यवतमाळच्या सरकारी शाळेत नोकरी मिळाली आणि दिग्रस सुटलं. चार वर्षांनी एका रविवारी मुद्दाम गेलो, तर मास्तरांच्या घरात दुसरंच बिऱ्हाड होतं. मास्तर दोन महिन्यांपूर्वी वारले होते. मला कोणी कळवलं नव्हतं. चर्च सुटल्यावर पाळक, म्हणजे आपले कंपाउंडर, मला बघून लगबगीनं आले आणि आम्ही पायरीवरच बसलो.

"सर, माह्यं पाठांतर तुमाले ठावं हाये," ते म्हणाले. "मास्तर दर रविवारी मांगच्या रांगेत बसत. मी शब्द चुकलो का खोकलत. मी थांबो, मांगं जाऊन बरोबर म्हणो. लोकाले वाटे मास्तरले दमा हाये."

"शेवटी तुम्हीच होतात का जवळ?"

"मीच होतो. भाकर घेऊन गेलतो. त्याहिले पाहून मले रडू आलं अन् आशीर्वादातली एक ओळच खाल्ली मी. मास्तर खोकलले. मले कळेना, हे आजारानं खोकलले का माह्या चुकीनं. म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटलं सारं, एकेक शब्द."

"मग?"

"मंग नाही खोकलले. भाकरीसाठी तोंड उघडलं त्याहिनं."