जुन्या रश्शाची डबी

मास्टरचं दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक मशीन, एक स्टूल, एक आरसा, आणि गिऱ्हाइकानं कपडे बदलावेत म्हणून टांगलेला पडदा. नवा कपडा शिवून घ्यायला त्याच्याकडे क्वचितच कोणी येई. लोक अंगाला बसलेला एखादा जुना शर्ट आणत आणि म्हणत, असाच शिवून द्या. मास्टर तो उलटा करून शिवणी बघे, कॉलर बोटांत चोळून आतलं कापड ओळखे, आणि नमुना ठेवून घेई. नवा तयार झाला की दोन्ही शर्ट शेजारी टांगून विचारी, यातला तुमचा कुठला? गिऱ्हाईक चुकलं की त्या दिवशी मास्टर दुपारचा चहा स्वतःच्या पैशानं पाजत असे.

घरी त्याला हाच नाद स्वयंपाकाचा होता. रोजचं रांधणं बायकोकडे. ती लाँड्रीत इस्त्रीला उभी राहून येई आणि हाताला लागेल ते करून वाढी. सुट्टीच्या दिवशी मात्र ओटा मास्टरचा. हॉटेलात काही आवडलं की तो डोळे मिटून एकेक घास तोंडात घोळवत बसे. बायको म्हणायची, "वेटरला वाटतं, हा माणूस जेवता जेवता झोपला." पुढचे चार-पाच रविवार घरादाराला तोच पदार्थ खावा लागे, जमेपर्यंत. जमला की शेजाऱ्यांना वाटीतून जाई, आणि शेजारी न विसरता म्हणत, हे विकत आणलंत ना?

त्याचा हातखंडा एकच होता. कोपऱ्यावरच्या हॉटेलात कोंबडी मिळायची, दाट तपकिरी रश्शात. पाटीवर तिचं नाव 'आमची खास' असं लिहिलेलं, म्हणून सगळे तिला नुसतं खास म्हणत. तो दाटपणा मास्टरला काही केल्या सापडेना. एका रविवारी त्यानं शेंगदाणे काळपट होईतो भाजले, पार गंधासारखे वाटले आणि रश्शात सोडले. रस्सा चमच्याला धरला. तो क्षण त्यानं कुणाला सांगितला नाही. त्या दिवसापासून वाटण करताना स्वयंपाकघराचं दार आतून लागू लागलं. बायकोनं विचारलं, तर म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, "मूठ तुमची, पण भांडी घासायला माझीच ना?" आणि विषय सोडला.

पुढे बऱ्याच वर्षांनी हॉटेलची इमारत पाडली आणि हॉटेल गेलं. आचारी कुठे गेला, कुणाला ठाऊक नव्हतं. आता गावात खास मिळे ती फक्त मास्टरकडे. दुकानातला नियम त्यानं पहिल्या खेपेपासूनच इथेही लावला होता. प्रत्येक खेपेचा थोडा रस्सा एका स्टीलच्या डबीत भरून तो बर्फाच्या कप्प्यात ठेवी. पुढच्या खेपेला आधी चव ताडून बघे, आणि उरलेला जुना रस्सा शेवटच्या उकळीला नव्यात ओती. चव भरकटू नये म्हणून. इतकी वर्षं घरात हे चाललेलं, त्यामुळे ओट्यावर डबी दिसली की ती पातेल्यात जाणार, हे बायकोलाच काय, पोरीलाही लहानपणापासून माहीत होतं.

त्या पोरीनं एके दिवशी जेवताना सांगितलं की रविवारी एकाला घरी आणते आहे. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. हिच्या ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली होती, तेव्हा त्यानंच हिला बाहेर काढलं होतं. आई म्हणाली, "बाहेर काढलं कसलं, तेव्हाच अडकलीस की." पोरगी हसली. मग म्हणाली, एक सांगायचंय. त्याला शेंगदाणे चालत नाहीत. चालत नाहीत म्हणजे आवडत नाहीत असं नाही. लहानपणी मावशीकडे एक बिस्किट खाल्लं होतं, त्यात पूड होती. ओठ सुजले, घसा आतून मिटत गेला, तोंड निळं पडलं. त्याची आई अजून ते सांगताना खाली बसते. तेव्हापासून तो कुणाच्या घरी जेवत नाही, आणि पेनासारखं एक इंजेक्शन कायम जवळ बाळगतो.

"मग आपल्याकडे कसा जेवणार?" आईनं विचारलं.

"खास जेवणार. हॉटेलात दोघं तेच तर खायचो. इतकी वर्षं खाल्लं, कधी काही झालं नाही. मी म्हटलं, बाबांची तर हुबेहूब तीच असते."

मास्टरच्या हातातला घास हातातच राहिला. हॉटेलच्या रश्शात शेंगदाणा नव्हता. म्हणजे इतकी वर्षं तो ज्याला नक्कल म्हणत आला, ते बाहेरून तसं दिसणारं भलतंच काही होतं. कापड तेच, पण अस्तर दुसरं. हे डोक्यात उतरतंय तोवर बायकोनं सहज विचारलं, "अहो, आपल्या रश्शात नाहीत ना शेंगदाणे?"

"छे," तो म्हणाला. "काहीतरीच काय."

शब्द तोंडातून गेला. पण त्यात खोटं असं काय होतं, असं त्यानं स्वतःला समजावलं. रविवारच्या रश्शात नसणारच होते. तो घालणारच नव्हता. मग आजच मूठ कशाला उघडायची?

तो आठवडा त्यानं कसा काढला, ते त्याच्या गिऱ्हाइकांनी पाहिलं. एका शर्टाला त्यानं दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. मशीन चालू असताना मध्येच पाय थांबे आणि समोर एक निळं पडलेलं लहान तोंड दिसे. घरी येऊन त्यानं मिक्सरचं भांडं फेकून दिलं आणि नवं आणलं. बायकोला सांगितलं, पातं बोथट झालं होतं. शेंगदाण्याची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून लांबच्या कचराकुंडीत टाकली, एखादं पाप टाकावं तशी. फळ्या गरम पाण्यानं पुसल्या. कढई घासून घासून तिचं वजन कमी झालं असावं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "जावई येतोय का इन्स्पेक्टर?" तो हसला नाही. ओट्याच्या फटीत थोडी पूड राहिली असेल, डब्याच्या झाकणाच्या खाचेत असेल, आपल्याच नखांत असेल, या विचारानं तो नखं कापत सुटला. एक बोट रक्ताळलं.

दाटपणाचं कोडं होतंच. एका संध्याकाळी मैदा भाजून पाहिला; रस्सा खळीसारखा झाला. बटाटा पाहिला, गोड झाला. शनिवारी पावाच्या कडा विस्तवावर करपवल्या, कांदा जाळला, आणि दोन्ही एकत्र वाटलं. त्या वासासरशी तो हॉटेलच्या दारात उभा राहिला. हेच होतं. शिळा पाव. ज्या हॉटेलात रोज पाव उरतो, तिथला आचारी दुसरं काय घालणार? हे आपल्याला इतक्या वर्षांत का सुचलं नाही, याची लाज त्याला भीतीच्या खालोखाल वाटली.

रविवारी सकाळी रस्सा उकळला तेव्हा त्यानं बर्फातली जुनी डबी काढली. ताडून बघायला दुसरं काही नव्हतंच. जुन्याला वेगळा चमचा, नव्याला वेगळा, आणि मध्ये हात साबणानं धुऊन. त्यानं डोळे मिटले. दोन्हींत फरक होता, पण तो त्याच्याशिवाय कुणाला कळला नसता, आणि नवा सरस होता. किती दिवसांनी त्याचे खांदे खाली आले.

डबी त्याच वेळी मोरीत रिकामी करायला हवी होती. तो ती घेऊन मोरीपर्यंत गेलाही. पण तेवढाच जुना रस्सा जगात उरला होता. पाहुणे गेल्यावर टाकू, असं म्हणून त्यानं ती ओट्याच्या टोकाला, पाण्याच्या भांड्यामागे सरकवली, आणि आंघोळीला गेला.

लिफ्टवाला वेळेवर आला. उंच, रुंद हातांचा, खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून बघणारा. बायकोनं त्याला लिफ्ट अडकण्यावरून एक टोमणा मारला. त्यानंही हसून परतवला. दोघांचं जमलेलं दिसत होतं. पोरगी एकदा बापाकडे, एकदा त्याच्याकडे बघत होती. ताटं मांडली गेली. वाफ उठली. त्यानं चमचा उचलला आणि ओशाळून म्हणाला, "काकू, राग मानू नका, मी सगळीकडे विचारतो. शेंगदाणे नाहीत ना?"

"अजिबात नाहीत," बायको म्हणाली. "मी स्वतः विचारलंय यांना."

मास्टरला मिठाचा डबा आठवला. तो आत गेला. मिठाचा डबा ओट्यावर होता, आणि त्याच्या शेजारी जाळीवर, भांड्यांच्या रांगेत, ती स्टीलची डबी उपडी वाळत होती. स्वच्छ. तिच्या काठावरून पाण्याचा एक थेंब ओघळत होता.

त्याला काही विचारायची गरज पडली नाही. तो आंघोळीला गेल्यावर बायको आली असणार. बर्फ सुटलेली डबी दिसली, शेवटची उकळी चाललेली, घाईत हा ओतायला विसरला असं तिला वाटलं, आणि तिनं ओतली. इतकी वर्षं त्यालाच करताना पाहिलं होतं तसं. वर धुऊनही ठेवली, बिचारीनं.

मीठ हातात घेऊन तो दारात उभा राहिला. फक्त सांगायचं होतं. पण सांगणं म्हणजे बायकोला 'छे' म्हटलं ते सांगणं, दार लावून काय वाटायचो ते सांगणं. आणि डबी तर एवढीशी, पातेलं एवढं मोठं. चमच्यात कितीसं येणार? एका घासानं... असा तो हिशेब करत राहिला, आणि तेवढ्यात पोराच्या तोंडात पहिला घास गेला. पोरानं डोळे मिटले. नेमके मास्टरसारखे.

"काका," तो म्हणाला, "अगदी तेच."

"थुंक," मास्टर म्हणाला. "थुंक ते. त्यात शेंगदाणा आहे."

बायकोला वाटलं, हा चेष्टा करतोय, आणि भलत्या वेळी. "अहो, असं काय करता? तुम्हीच तर म्हणालात—"

"खोटं म्हणालो. डबीत होता. डबीतला जुना रस्सा तू ओतलास."

पोराचा चेहरा मात्र एका क्षणात बदलला. त्याला चेष्टा वाटली नाही. त्यानं ताटात थुंकलं, पण अर्धा घास गेला होता. तो शांतपणे उठला, तोंड धुतलं आणि पुन्हा खुर्चीवर बसला. पोरीनं त्याची पिशवी आणली. सगळे त्याच्या ओठांकडे बघत होते, आणि तो भिंतीकडे. "जीभ चरचरतेय," तो म्हणाला. मग खालचा ओठ एका बाजूनं जाड होत गेला, एखाद्यानं आतून अस्तर भरावं तसा. मानेवर लाल गांधी उठल्या. तो खोकला, आणि त्या खोकल्याच्या शेवटी शिट्टीसारखा आवाज आला. पोरीनं पँटवरूनच त्याच्या मांडीत इंजेक्शन दाबलं. टॅक्सीत तिनं बापाकडे एकदाही पाहिलं नाही.

दवाखान्यात त्याला आत नेलं. नर्स बाहेर येऊन म्हणाली, नेमकं काय खाल्लं ते सांगा. आणि मास्टर सांगू लागला. शेंगदाणे, काळपट भाजलेले, पण ते जुन्या रश्शातले. नव्यात पावाच्या करपलेल्या कडा. जाळलेला कांदा. कोंबडीला आधी लावलेलं दही. रंगासाठी जाळलेली साखर, अर्धा चमचा. नर्स म्हणाली, शेंगदाणे कळले, पुरे. पण त्याला थांबता येईना. न जाणो त्यातलंच आणखी काही असलं तर? तो सांगत राहिला, नर्स आत निघून गेल्यावरही, दाराकडे तोंड करून. मागे बाकावर बसलेली बायको ते पहिल्यांदाच ऐकत होती.

बऱ्याच वेळानं पोरगी बाहेर आली. म्हणाली, श्वास आता सरळ चाललाय. पण हे पुन्हा उलटू शकतं, म्हणून संध्याकाळपर्यंत इथेच ठेवणार. त्याच्या आईला फोन केलाय, ती निघाली आहे. एवढं आईला सांगून ती परत आत गेली. दार बंद झालं.

मास्टर बाकावर बसला. आतून कुणी खोकलं की त्याचे हात गुडघ्यांवर घट्ट होत. खोकला दुसऱ्याच कुणाचा निघे. जिन्यात पावलं वाजली की त्याला वाटे, ती आईच असणार, आणि तिला काय सांगायचं याची तो जुळवाजुळव करू लागे. जुळत काहीच नव्हतं.

बायकोनं विचारलं, "आणखी काय काय आहे, जे मला माहीत नाही?"

"आणखी काही नाही," तो म्हणून गेला. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरून सुरुवात करा," ती म्हणाली. "डाव्या हाताचा पहिला डबा."

जिन्यात पुन्हा पावलं वाजली. तो थांबला, ऐकलं, आणि पहिल्या डब्याचं सांगू लागला.